डोंगराचा उतार आणि सातबाराचा उतारा

जव्हारच्या मुकणे राजघराण्याविषयी एक आख्यायिका आहे. घराण्याच्या मूळ पुरुषाने तेथील अधिपतीकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच भूमी मागितली आणि ती याचना मान्य होताच त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून, एकीस दुसरी जोडून, विस्तीर्ण प्रदेशास वेढा घातला. कार्थेजच्या डायडो राणीविषयीही हीच कथा सांगतात. दिलेला शब्द अक्षरशः पाळला गेला आणि जमीन हातची गेली. या डोंगरी मुलुखात तसे पुढेही पुष्कळदा घडले.

आज मुंबई-नाशिककडचा सुखवस्तू गृहस्थ श्रावणात दाभोसा धबधबा पाहून किंवा सूर्यमाळच्या पठारावर धुक्यात उभा राहून परततो, तेव्हा येथे दोन-चार एकर घेऊन फार्महाऊस बांधावे, असे त्याच्या मनात येते. विक्रीस असलेला उतार त्यास पडीक म्हणून दाखविला जातो आणि त्यालाही तो तसाच दिसतो. दप्तरी भाषेत ही बहुधा ‘वरकस’ जमीन. परंतु उन्हाळ्यात याच उतारावरील झाडांचे टहाळ तोडून, शेण, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून, वर माती पसरून शेतकरी ‘राब’ भाजतो. त्या राखेच्या वाफ्यात नागली, वरई, भात यांची रोपे वाढतात आणि पाऊस स्थिरावला की लावणीस निघतात. वरकस गेली की राब गेला, आणि राब गेला की खालचे खाचरही दुबळे होते. ज्यास आपण पडीक म्हणतो ते त्या कुटुंबाच्या धान्याचे मूळ असते, हे मला येथे आग्रहाने सांगावयाचे आहे.

म्हणूनच येथील जमिनीभोवती कायद्याने घातलेले कुंपण मला सर्वथा न्याय्य वाटते. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 36-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस विकावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि तिला राज्य शासनाची मान्यता असावी लागते. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात हस्तांतरित झालेल्या आदिवासींच्या जमिनी परत करण्यासाठी तर स्वतंत्र कायदाच करावा लागला. वनहक्क कायदा, 2006 खाली मिळालेली जमीन वारसाने जाते, पण विकता येत नाही. कुळकायद्याप्रमाणे खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो, ही अट निराळीच.

तेव्हा बयाणा देण्यापूर्वी सातबाराचा उतारा सावकाश वाचावा. गाव नमुना सात आणि बारा मिळून तो झालेला असतो. पहिल्यात कब्जेदार आणि हक्क, दुसऱ्यात पिके. ‘भोगवटादार वर्ग 2’ असा शेरा असेल, तर हस्तांतरणावर निर्बंध आहे असे समजावे. ‘इतर अधिकार’ या रकान्यात कुळ, कर्जाचा बोजा, क्वचित खाजगी वनाची नोंदही असते. मागचे सर्व फेरफार काढून मालकी हातोहात कशी आली हे तपासावे. आदिवासीचे नाव मध्येच नाहीसे झालेले आढळले, तर त्या फेरफारामागील हुकूम मागावा. मुखत्यारपत्रावर किंवा नुसत्या कब्ज्यावर होणारे व्यवहार दूरच ठेवावेत. त्यांत घेणाऱ्याचा पैसा बुडतो आणि देणाऱ्याची भाकर.

आणि हे सारे निर्वेध असले तरी जमीन श्रावणात पाहून ठरवू नये; वैशाखात जावे. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईस जाते, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर त्या दिवसांत बाया आटलेल्या विहिरीच्या तळाशी पाणी झिरपण्याची वाट पाहत हंडे घेऊन बसलेल्या असतात. वर उतारावर भाजलेल्या राबांचे काळे चौकोन पावसासाठी तयार असतात.