नंबर प्लेटवरचा पाच वॅटचा दिवा

गाडी चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीचा एक दिवा कधीच दिसत नाही. मागच्या नंबर प्लेटच्या वर, डिकीच्या पट्टीखाली दडलेला हा छोटा बल्ब. हेडलाइट गेला तर लगेच कळते, कारण रस्ताच दिसेनासा होतो. इंडिकेटरचा बल्ब गेला तर बऱ्याच गाड्यांत टिकटिक भरभर वाजू लागते. नंबर प्लेटचा दिवा मात्र मुकाट्याने जातो. गाडी पूर्वीसारखीच चालते आणि मालक महिनोन्महिने त्याच गाडीतून रात्रीचा प्रवास करत राहतो. हा दिवा त्याच्या उपयोगाचा नसतोच. तो असतो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत हा दुसरा माणूस बहुतेक वेळा पायी चालणारा असतो. मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही गावांना लागून जातो. पोलादपूरहून एक वाट कशेडीकडे, तर दुसरी आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाते. महाडहून वरंध घाट भोरकडे चढतो. या रस्त्यांच्या कडेने वाड्या आहेत, शेते आहेत. औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून परतणारे कामगार आहेत, गुरे शोधायला निघालेले शेतकरी आहेत. गाव मागे पडले की रस्त्यावरचे दिवे संपतात. जूनपासून पाऊस आणि घाटातले धुके यांत उरलासुरला उजेडही विरघळतो.

‘अज्ञात वाहन’ या दोन शब्दांची किंमत

अपघाताचा रुग्ण सरकारी रुग्णालयात आला की त्याची वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते आणि पोलिसांना खबर जाते. ठोकर कशाची बसली, हा प्रश्न उपचारांसोबतच विचारला जातो. ठोकर देणारा थांबला नसेल आणि नंबर कोणी वाचला नसेल, तर कागदावर ‘अज्ञात वाहन’ असे दोन शब्द उमटतात. हाड त्याने लवकर किंवा उशिरा जुळत नाही. पण घरी परतल्यावर त्या कुटुंबाचे पुढे काय होणार, हे बरेचसे या दोन शब्दांवर ठरते.

प्रत्येक वाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. वाहन सापडले, तर जखमीला किंवा मृताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. तिथे वय, कमाई, आलेले अपंगत्व, घरात अवलंबून असलेली माणसे हे सारे पाहून भरपाई ठरते. वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. मांडीचे हाड मोडून वर्षभर कामावर जाऊ न शकणाऱ्या मजुराला पन्नास हजार रुपये किती दिवस पुरतील, याचा हिशोब प्रत्येकाने आपापल्या घरखर्चावरून करावा.

ठोकर मारून पळालेल्या प्रत्येक गाडीचा हा दिवा बंदच असतो, असे मुळीच नाही. वेग, भीती, दारू ही पळून जाण्याची कारणे वेगळी आहेत. पण नंबर वाचता आला की नाही, याच्याशी या दिव्याचा थेट संबंध आहे.

डोळ्याला काय जमते, काय नाही

मोटारीच्या नंबर प्लेटवरचे अक्षर नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंच असते. ज्याची नजर ६/६ आहे, त्याला चांगल्या उजेडात असे अक्षर साधारण ४५ मीटरवरून ओळखता येते. १५ मीटरवरून तर ६/१८ नजर असलेलाही ते वाचू शकतो. पण नेत्रतपासणीचा तक्ता झगझगीत उजेडात टांगलेला असतो. रस्त्यावर अंधार असतो.

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात. बारीक अक्षर आणि रंग ओळखणे हे त्यांचे काम. दंडपेशींना मंद उजेड पुरतो, पण त्यांना बारकावे कळत नाहीत. पडद्याच्या अगदी मध्यभागी, म्हणजे आपण ज्या भागाने वाचतो तिथे, दंडपेशी नसतातच. म्हणून अंधारात एखाद्या वस्तूकडे थेट पाहिले की ती नाहीशी होते आणि नजर थोडी बाजूला वळवली की पुन्हा जाणवते. काळोखात गाडी गेली, पांढरट पाटी दिसली, पण आकडा कळला नाही, असे सांगणारा साक्षीदार खोटे बोलत नसतो. त्याच्या डोळ्याने तेवढेच पाहिलेले असते.

त्यात गाडी जवळ येताना तिचे हेडलाइट आधी डोळ्यांवर येतात. त्या झोताने शंकूपेशीही काही क्षण दिपतात आणि नेमक्या त्याच क्षणांत मागची पाटी वाचायची असते. दिपलेला डोळा सावरायला काही सेकंद लागतात. उतारवयात, मोतीबिंदू असल्यास किंवा मधुमेहाने पडदा बिघडला असल्यास हा वेळ वाढतो. गाडी तोवर थांबत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने ती सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पाटी फक्त १५ मीटरपर्यंतच वाचता येत असेल, तर साक्षीदाराला एक सेकंदही मिळत नाही. पाटीवर पुरेसा उजेड असेल आणि नजर चांगली असेल, तर हाच वेळ अडीच सेकंदांच्या आसपास जातो.

अडीच सेकंद कमी वाटतात, पण मेंदूला ते पुरतात. माणसाची तात्पुरती स्मृती एका वेळी साधारण चार तुकडे धरून ठेवते. पोलादपूरच्या माणसाला ‘एमएच ०६’ पाठ करावे लागत नाही. ती रायगडची आपली गाडी. ०८ म्हणजे रत्नागिरी, ११ म्हणजे सातारा, हेही त्याला ठाऊक असते. उरतात दोन अक्षरे आणि चार आकडे. तेवढे सुटले नाहीत, तर पोलिसांना गाडी शोधता येते.

चमकणारी पाटी आहे, मग दिवा कशाला?

हा प्रश्न आता बरेच जण विचारतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक झाली. तिच्यावरचा थर प्रकाश परावर्तित करणारा असतो, हे खरे. पण तो प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतो. अंधारात टॉर्च लावणाऱ्यालाच मांजराचे डोळे चमकताना दिसतात. थोडे बाजूला उभ्या असलेल्याला ते दिसत नाहीत. तसेच हे. मागून हेडलाइट लावून येणाऱ्या चालकाला पाटी लख्ख दिसते. रस्त्याच्या कडेला टॉर्चशिवाय उभ्या असलेल्या माणसासाठी ती काळोखातच असते. घाटात आणि वाडीवस्तीवर साक्षीदार बहुधा असाच कडेला उभा असतो.

म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०५ क्रमांकाचा नियम नव्या पाटीनंतरही तसाच लागू आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून आणि पुरेसा उजेड नसेल तेव्हा कधीही, मागची नंबर प्लेट १५ मीटरवरून वाचता येईल इतकी प्रकाशित असली पाहिजे, असे तो सांगतो. मुसळधार पावसातली भर दुपारही यात येते.

बल्ब घरीच बदलता येतो

यासाठी गॅरेज गाठायची गरज सहसा पडत नाही. मात्र हे काम अंगणात, दिवसाउजेडी करावे. महामार्गावर किंवा घाटाच्या वळणावर गाडीमागे वाकून बसणे म्हणजे स्वतःच अपघाताचा रुग्ण होणे.

आधी गाडीच्या पुस्तिकेत बल्बचा प्रकार पाहावा. बहुतेक मोटारींत १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब असतो. एक प्रकार चपट्या काचेच्या बुडाचा, तो सरळ ओढला की निघतो. दुसरा दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला नळीसारखा, तो एका बाजूला दाबला की सुटतो. गाडी आणि दिवे बंद करून, किल्ली काढून, बल्ब थंड होऊ द्यावा. दिव्याचे झाकण दोन स्क्रूंवर किंवा खटक्यावर बसलेले असते. खटका काढताना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळले की रंगावर ओरखडा उठत नाही. बल्ब उघड्या बोटांनी जोर लावून ओढू नये. अडकलेला बल्ब फुटतो आणि तळहातात काच घुसते. जाड कापड किंवा हातमोजा वापरावा, डोळ्यांवर चष्मा असावा.

नवा बल्ब घालण्याआधी होल्डर पाहावा. आपल्या भागातल्या पावसात झाकणाचे रबर कुजते, आत पाणी शिरते आणि पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढतो. जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये ज्या गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्या होल्डरमध्ये आणि तारांच्या जोडांत असा गंज असण्याची शक्यता अधिक. पॉलिश पेपरने पट्ट्या घासून, कोरड्या करून मगच बल्ब बसवावा. नवा बल्बही लागला नाही, तर दोन जागा तपासाव्यात. एक फ्यूज. तो उडाला असेल तर तितक्याच अँपिअरचा घालावा; जास्तीचा घातला तर तार तापून आग लागू शकते. दुसरी जागा डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी. डिकी उघडताना दर वेळी वाकून तिच्यातली तार तुटते. ते काम मात्र इलेक्ट्रिशियनकडे द्यावे.

एलईडी बल्ब घातला आणि पेटला नाही, तर तो उलटा करून पाहावा, कारण त्याला धन-ऋण टोक असते. उजेड पांढराच हवा. निळा किंवा रंगीत दिवा शोभेचा असेल, नियमाचा नाही, आणि त्यात अक्षर उठून दिसेल याचीही खात्री नाही.

वीस पावले मागे

शेवटची तपासणी अंधार पडल्यावर करायची. पार्किंग लाइट लावून साधारण वीस मोठी पावले मागे जायचे आणि थोडे बाजूला उभे राहून नंबर वाचायचा. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला वाचायला लावले तर अधिक चांगले. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने साधारण तिसरा हिस्साच उजेड पोहोचतो. त्यांना वाचता आला, तर कोणालाही येईल. पावसाळ्यात पाटीवर आणि दिव्याच्या काचेवर लाल माती बसते, तीही आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायला हवी. त्याच वेळी मागचे दोन्ही लाल दिवे आणि ब्रेक लाइट पाहून घ्यावेत, कारण मागून येणारी धडक टाळण्याचे काम त्यांचे असते.

नंबर प्लेटचा दिवा नीट असला म्हणून गाडी अधिक चांगली धावत नाही. तरीही तो लावून ठेवणारा चालक रस्त्यावरच्या प्रत्येकाला एक हमी देत असतो: आपल्या हातून काही झालेच, तर आपण अज्ञात राहणार नाही. ती हमी एका बल्बच्या किमतीत आणि अर्ध्या तासाच्या कामात देता येते.