ठेचा, ठसका आणि न थांबणारा खोकला

अख्खं घर खोकायला लागलं की समजायचं, आज ठेचा आहे! तव्यावर मिरची भाजली की आई खोकते, बाबा खोकतात आणि शेजारच्या काकू खिडकीतूनच विचारतात, ‘ठेचा करून राह्यली का वं?’ पाच मिनिटांत सगळं शांत.

पण समजा मिरची नाही, सर्दी नाही, ताप नाही, तरी तुमचा खोकला दोन महिने झाले थांबतच नाहीये. रात्री दोन-तीनला उबळ येते, रूममेट वैतागतो, लायब्ररीत सगळ्या माना तुमच्याकडे वळतात. सिरपच्या तीन बाटल्या संपल्या. एक्स-रे नॉर्मल. मग हे आहे तरी काय?

कदाचित दमा. ‘पण मला धाप लागत नाही, छातीत घरघरही नाही!’ म्हणूनच तर तो कुणाच्या लक्षात येत नाही.

फक्त खोकणारा दमा

1979 मध्ये विल्यम कोराओ आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशाच सहा पेशंट्सबद्दल लिहिलं. त्यांना खोकला होता, घरघर नव्हती. मेथाकोलिन नावाचं औषध हुंगायला दिल्यावर मात्र त्यांच्या श्वासनलिका नको तितक्या आवळल्या. दम्याचं औषध सुरू केल्यावर खोकला थांबला. आज याला ‘कफ व्हेरियंट अस्थमा’ म्हणतात.

मेथाकोलिन टेस्ट साधी आहे. औषधाचा डोस थोडा थोडा वाढवायचा आणि दरवेळी जोरात फुंकायला लावायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 20 टक्क्यांनी घटली की थांबायचं. कमी डोसलाच घटली, तर नलिका ‘चिडक्या’ आहेत. ही टेस्ट तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होते.

आणि ठेचा? त्याचाही प्रयोग आहे! मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीला डिवचतं, तिच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं. संशोधक कॅप्सेसिनचा अगदी सौम्य फवारा देतात आणि किती ठसके लागले ते मोजतात.

यातून कळलं, की नलिका आवळणं आणि खोकल्याची ऊर्मी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानमधल्या कानाझावाच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं, की नलिका किंचित आवळली तर निरोगी माणूस फारसा खोकत नाही, पण कफ व्हेरियंट अस्थमा असलेला खूप खोकतो. म्हणजे तुमचा खोकला ‘नाटक’ नाही. तो मोजता येतो.

आपल्या वऱ्हाडात

अमरावती असो की अकोला, चिडक्या नलिकांना डिवचणारं इथं भरपूर आहे. सोयाबीनच्या मळणीचा भुसा, जिनिंगमधली कापसाची धूळ, रिकाम्या प्लॉटवरचं गाजरगवत. त्यात रूममधली डासांची कॉइल! एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके असू शकतात, असं 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. दारं-खिडक्या लावून ती रात्रभर जाळायची आणि सकाळी ‘हवा बदलली’ म्हणायचं, हे कसं चालेल?

मग करायचं काय?

• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर आधी टीबीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. खोकल्यातून रक्त येत असेल, वजन घटत असेल किंवा धाप लागत असेल, तर आजच जा.

• आठ आठवडे उलटले, तर छातीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘हा दमा असू शकतो का?’ साधी स्पायरोमेट्री नॉर्मल आली म्हणून दमा नाहीच, असं नसतं. अॅसिडिटी आणि नाकाची अॅलर्जीही तपासून घ्या.

• खोकला कधी येतो ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. रात्री? धावल्यावर? थंड हवेत? डॉक्टरांचं अर्धं काम तिथंच होतं.

• ‘पंपाची सवय लागते’ हे डोक्यातून काढा. इनहेलरमधलं औषध अगदी कमी मात्रेत थेट नलिकेत पोचतं. दुर्लक्ष केलं, तर काहींमध्ये हाच खोकला पुढे धाप लागणारा दमा होतो.

जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक इथं होतात, असा 2019 चा जागतिक अंदाज आहे. आजार उशिरा ओळखणं आणि पंपाची लाज, ही त्यामागची मोठी कारणं.

तेव्हा ठेचा खुशाल खा. पण ठेचा नसतानाही ठसका लागत असेल, तर चौथी बाटली आणू नका. डॉक्टरकडे जा.