बुलेटिन बोर्डवरील तोफेचा खेळ आणि पन्हाळ्याचा चढ

वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनी १९७८ मध्ये शिकागो येथे सुरू केलेल्या बुलेटिन बोर्डवर दूरध्वनीने एका वेळी एकच जण पोहोचू शकत असे. तोफेच्या खेळास हे बंधन बाधत नाही. कोन व वेग हे दोन आकडे देऊन एकाने फोन ठेवावा. डावाची स्थिती फाईलमध्ये राहते, दुसरा सवडीने उत्तर देतो. सेकंदाला २४०० बिट वाहणाऱ्या मोडेमवरून सुमारे २४० अक्षरे जातात. ८० स्तंभ व २४ ओळींचा पडदा, म्हणजे १९२० अक्षरे, भरण्यास आठ सेकंद लागतात. म्हणून डोंगर एकदाच रेखाटावा. नंतर केवळ गोळ्याचे ठिपके पाठवावेत.

हा डोंगर कोल्हापूरजवळच्या पन्हाळ्याचा घ्यावा. १६६० च्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन सिद्दी जौहरच्या बाजूने तेथे तोफगोळे घेऊन गेला होता. विद्यार्थी बहुधा ४५ अंश हाच आकडा पाठ करून येतात. हवेचा अवरोध वगळल्यास सपाटीवर तो योग्यच आहे. परंतु तोफेपासून तट क्षितिजाच्या २० अंश वर दिसत असेल, तर कमीत कमी वेगात तो गाठण्यासाठी ४५ मध्ये २० ची निम्मी भर घालावी लागते. कोन ५५ अंश होतो.