चित्रापूर्वीची शांतता

आपल्या आदिलाबादवरून जाणारा राजमार्ग दक्षिणेस निर्मलकडे जातो आणि उत्तरेस पैनगंगा ओलांडून नागपुरास पोहोचतो. या एकाच वाटेच्या दोन टोकांना चित्रकलेच्या दोन निराळ्या तऱ्हा सापडतात. निर्मलचे नक्काश कारागीर लाकडाला आकार देऊन त्यावर रंग चढवतात. पोपट, फळ वा पुराणातील प्रसंग काय काढावयाचा, हे कुंचला उचलण्यापूर्वीच त्यांना ठाऊक असते. नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या एका चित्रकाराला मात्र आपले चित्र कसे होणार, हे आरंभी ठाऊक नसे, आणि ते ठाऊक असू नये अशीच त्याची इच्छा होती. हे चित्रकार म्हणजे वासुदेव गायतोंडे.

घराणे मूळचे गोव्याचे. बालपणानंतरचा काळ मुंबईत, गिरगावातील चाळीत गेला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची पदविका त्यांनी १९४८ साली घेतली. हुसेन, रझा, सूझा आदी तरुणांनी चालविलेल्या प्रोग्रेसिव्ह गटाशीही त्यांचा संबंध आला. आरंभीच्या त्यांच्या चित्रांत माणसे होती, पक्षी होते, रेषेची लय होती. पुढे मात्र ओळखीचे आकार एकेक करून गळत गेले आणि साठीच्या दशकाच्या प्रारंभी फलकावर उरला तो केवळ रंग व प्रकाश. अशा चित्रांना लोक अमूर्त म्हणतात. गायतोंड्यांना तो शब्द रुचत नसे. मूर्त वस्तूपासून काही काढून घेऊन आपण चित्र करतो असे त्यांना वाटत नव्हते. वस्तूचा प्रश्नच जेथे नाही, असे आपले चित्र आहे, असा त्यांचा आग्रह होता.

मग, वाचकहो, ते चित्र होत तरी कसे असे? प्रथम काहीच होत नसे! कोरा फलक समोर ठेवून ते खुर्चीत बसून राहत. दिवसच्या दिवस असे जात. पाहणाऱ्यास हा आळस वाटावा; आपल्या घरी असा मुलगा असता तर त्याला कोणी ना कोणी बाजारात पिटाळलेच असते. परंतु ही स्वस्थता म्हणजे तयारी होती. झेन विचाराचे वाचन त्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस सुरू केले होते, आणि मन निवल्यावाचून हात हलवू नये हे त्यांच्या अंगवळणी पडले होते.

एकदा हात चालू लागला की तो कुंचल्यावर अवलंबून राहत नसे. रंगाचे पातळ थर ते एकावर एक देत; रोलरने पसरत, रंगसुरीने खरवडत. कधी वर्तमानपत्राचे वा मासिकाचे कापलेले तुकडे रंगात भिजवून फलकावर दाबत नि उचलून घेत. त्या ठशांतून चिन्हांसारख्या खुणा उमटत. खालचा रंग वरच्या रंगातून डोकावे आणि फलक आतून उजळल्यासारखा दिसे. कोणता थर ठेवावा, कोणता पुसावा, कोठे थांबावे, याचा निर्णय त्या क्षणी डोळा करी. ही अंतःस्फूर्ती खरी. पण अनेक वर्षे रेखाटन केलेल्या माणसाचीच ती होती. ‘हे तर कोणीही काढील’ असे म्हणणाऱ्याने एकदा रोलर हाती धरून पाहावा. वर्षाकाठी त्यांच्या हातून जेमतेम पाचसहा चित्रे पुरी होत, आणि बहुतेकांना ते नावही देत नसत.

मुंबईत भुलाभाई देसाई संस्थेत त्यांची कार्यशाळा होती. समुद्रकाठच्या त्याच वास्तूत रविशंकरांचे सतारीचे वर्ग व अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत. गायतोंडे त्या गजबजाटात असूनही एकटे होते. १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ साली पद्मश्री आली. त्यानंतर दिल्लीत, निजामुद्दीन भागातील एका गच्चीवरच्या खोलीत, त्यांनी एकाकी संसार मांडला. सोबतीस मोजके सामान, पुस्तके आणि संगीत.

१९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांना जबर दुखापत झाली. मोठ्या फलकासमोर उभे राहण्याची शक्ती उरली नाही. चित्रकाराचे चित्र काढणेच थांबले, तर मग तो कोण? आपण मनात चित्रे करीतच आहोत, असे ते भेटणाऱ्यांस सांगत. हे समाधान होते की दुःख झाकण्याची रीत, हे बाहेरून ठरविणे कठीण. तथापि १९८५ नंतरच्या दोनतीन वर्षांत त्यांनी लहानशा कागदांवर शाईची रेखाटने केली, आणि काही वर्षांनी ते पुन्हा रंगांकडे वळले. २००१ साली ते निवर्तले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

कधी दिल्लीस गेलात तर तेथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रे पाहावयास मिळतात. समोर उभे राहून ‘हे कशाचे?’ असे लगेच विचारू नका. पाचेक मिनिटे नुसते पाहा. प्रथम एकच रंग दिसेल. मग त्याखालचा दुसरा हळूहळू वर येऊ लागेल.