तिसऱ्या पाळीची तारीख

सकाळचे साडेनऊ. तारापूरजवळच्या घिवलीतल्या या घरात ओटीवरच ऑफिस आहे. भाचीने टेबल भिंतीला लावलंय, लॅपटॉपला दुसरा मोठा स्क्रीन जोडलाय. समोर अंगणात माझी बहीण वलांडीवर वाळत घातलेले बोंबील चाचपून बघते आहे. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले.

भाची पुण्याच्या एका कंपनीत डेव्हलपर. कंपनीचं सॉफ्टवेअर कारखान्यांची हजेरी आणि पगार सांभाळतं. एका कारखान्याने या महिन्यापासून रात्रपाळी सुरू केली आणि काल तक्रार आली : रात्री काम केलेल्यांची हजेरी दोन अर्ध्या दिवसांत तुटते, ओव्हरटाइम शून्य दिसतो.

कॉलवर नवा मुलगा आहे, नोकरीला लागून थोडेच महिने झालेले. आवाजात उत्साह मावत नाही. "ताई, सापडलं! डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत, जागतिक प्रमाणवेळेत आहे. साडेपाच तास मिळवले की झालं. कोड तयार आहे, फक्त मर्ज करा."

भाची मर्ज करत नाही. त्याने बदललेल्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचते. मग वहीत पेनाने दोन माणसं लिहिते, हे मला इथून दिसतंय. पहिला रात्रपाळीचा : 14 तारखेला रात्री 10:52 ला आत, 15 ला सकाळी 7:06 ला बाहेर. दुसरा दुपारपाळीचा, ओव्हरटाइमला थांबलेला : 14 ला दुपारी 2:55 ला आत, 15 ला पहाटे 3:10 ला बाहेर.

"आता तुझे साडेपाच तास लावून दोघांच्या तारखा सांग," ती म्हणते.

तिकडे शांतता. मग हळू आवाज : "पहिल्याचं आत 14, बाहेर 15. तुटलंच की. आणि दुसरा... ताई, दुसरा आत्ता बरोबर दिसतोय. पहाटेचे 3:10 म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे 21:40. माझ्या कोडने तोही तुटेल."

"म्हणजे तो आजवर नशिबाने बरोबर होता."

एवढंच. रागावणं नाही, पाठ थोपटणं नाही. हीच मुलगी नोकरीच्या सुरुवातीला एरर दिसला की लगेच कोड बदलायला घ्यायची, दहा ठिकाणी हात घालायची. तिला एप्रिलमध्ये सीनियरचं पद मिळालं, पण ती मोठी झाली ते मला आत्ता दिसतंय, कीबोर्डवरून हात काढून वहीत माणसं लिहिताना.

"साडेपाचच का, ताई? पूर्ण तास का नाही?" मुलाची जिज्ञासा जागी आहे, हे मला फार आवडतं. ती सांगते : आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, एका तासाला 15 अंश, भागून बघ. 1906 पासून ती लागू आहे. मुंबईने मात्र स्वतःची वेळ 1955 पर्यंत जपली होती, 39 मिनिटं मागे. घिवलीचा सूर्य अजूनही जवळपास तेवढाच मागे आहे.

गल्लीतून शेजारचे काका येतात, रात्रपाळी करून, डबा हातात. या पट्ट्यात हे रोजचंच. 1969 मध्ये तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीज निघू लागली, पुढे एमआयडीसी वाढली, आणि घराघरांत झोपेच्या वेळा पाळीवर ठरू लागल्या. त्याआधी त्या भरतीवर ठरायच्या.

भाची कॉल म्यूट करते. "काका, रात्री अकराला गेलात, सकाळी सातला सुटलात. हजेरी कुठल्या तारखेची?"

"ज्या तारखेला गेटात शिरलो तिची," काका क्षणही न थांबता सांगतात. "आणि सुट्टीच्या आदल्या रात्री शिरलो, तर सकाळी सुटेपर्यंत सुट्टी लागलेली असते. पण ते काम सुट्टीतलं धरत नाहीत. पाळी आधीची ना."

ती वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरतात. कंपनीच्या कागदात हा नियम असेलही, पण ज्याचा पगार त्यावर ठरतो त्याच्या तोंडून ऐकलेलं वेगळंच पक्कं असतं.

म्यूट निघतो. "ऐक. वेळ यूटीसीतच साठवायची, ती बरोबर आहे. दाखवताना भारतीय वेळ. पण हजेरी तारखेवरून जुळवायची नाही. आत आणि बाहेर ही जोडी आहे, वलांडीवरच्या बोंबलांसारखी, एकाला सोडून दुसरा टांगता येत नाही. आधी जोडी लाव, मग जोडीला पाळी सुरू झाली त्या दिवसाची तारीख दे. आणि कोडच्या आधी टेस्ट. हे दोघं त्यात हवेत."

पुढचा तासभर बघण्यासारखं फारसं नाही. टाइप होतं, खोडलं जातं, चहा येतो. मग तिच्या स्क्रीनवर त्याच्या टेस्ट चालतात, आधी जुन्या कोडवर : पहिली लाल, दुसरी अजून नशिबाने हिरवी. जुना कोड चुकतो हे आधी दिसायलाच हवं, ती म्हणते, नाहीतर टेस्ट कशाची? नव्या कोडवर पहिली हिरवी, दुसरी लाल. मुलगा पुटपुटत जोडी लावायची अट पुन्हा वाचतो, एक ओळ वर सरकवतो. दोन्ही हिरव्या.

भाचीचा हात मर्जच्या बटणाकडे जातो, तेवढ्यात तोच थांबवतो.

"ताई, एक मिनिट. कुणी सलग दोन पाळ्या केल्या तर? मध्ये बाहेर पडलाच नाही. दुपारी आत, थेट सकाळी सातला बाहेर. मग जोडी एक, पाळ्या दोन."

ती मागे रेलते. ओटीच्या कडेला टेकलेल्या काकांकडे बघते. ते मान हलवतात, असं होतं म्हणून.

"लिही टेस्ट," ती म्हणते. "मी थांबते."