मनगटातील होडी आणि चंद्रकोर

रेवस-मांडव्यापासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड आणि पुढे श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ मनगटाच्या बळावर चालतो. बोटीवर जाळे ओढणारा खलाशी, माडावर चढून नारळ उतरवणारा गडी, धक्क्यावर माशांच्या टोपल्या उचलणारी कोळीण, या साऱ्यांचे भांडवल म्हणजे त्यांचे हात. शेवाळलेल्या धक्क्यावर पाय घसरला किंवा माडावरून उतरताना तोल गेला, की माणूस आपसूक तळहात पुढे टेकतो. मनगट दुखते, थोडे सुजते. बोटे मात्र हलत असतात. मग ‘मुरगळले असेल’ असे म्हणून तेल चोळले जाते, पट्टी बांधली जाते आणि चार दिवसांनी काम पुन्हा सुरू होते. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. क्वचित मात्र याच काळात मनगटातील एखादे हाड रक्ताअभावी मृत होऊ लागलेले असते.

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. बाहेर घट्ट कवच आणि आत बारीक पट्ट्यांची जाळी अशी त्याची रचना असते. या जाळीत राहणाऱ्या पेशी जुने हाड विरघळवतात आणि नवे घडवतात. ही डागडुजी आयुष्यभर चालते आणि तिच्यासाठी रक्ताचा अखंड पुरवठा लागतो.

आठ हाडांचा मेळ

मनगटात आठ लहान हाडे चार-चारच्या दोन रांगांत बसलेली असतात. कोपराकडच्या रांगेत अंगठ्याच्या बाजूला असते ते स्कॅफॉइड. ग्रीक भाषेतील होडीवाचक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. त्याच्या शेजारचे ल्युनेट हे नाव लॅटिनमधील चंद्रावरून आले, कारण त्याचा आकार चंद्रकोरीसारखा असतो. तळहातावर पडलेला भार प्रामुख्याने या दोन हाडांमधूनच हाताच्या मोठ्या हाडाकडे, म्हणजे रेडियसकडे जातो.

या दोन्ही हाडांचा बहुतांश पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला असतो. त्यामुळे मनगट सहज फिरते. पण कूर्चेतून रक्तवाहिन्या आत शिरू शकत नाहीत. उरलेल्या चिंचोळ्या जागेतूनच त्यांना वाट काढावी लागते. स्कॅफॉइडमध्ये तर रक्त मुख्यतः बोटांकडच्या भागातून शिरते आणि तेथून मागे, कोपराकडच्या टोकाला पोहोचते. भरतीचे पाणी खाडीच्या तोंडातून आत चढत जावे, तसा हा प्रवाह असतो. खाडीत मध्येच भराव पडला तर वरच्या अंगाला पाणी मिळत नाही. त्याचप्रमाणे स्कॅफॉइड कमरेत मोडले, तर मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो.

ल्युनेटच्या बाबतीत अस्थिभंगाशिवायही असे घडू शकते. व्हिएन्नातील क्ष-किरणतज्ज्ञ रॉबर्ट किनबॉक यांनी १९१० मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. हा विकार विरळा आहे. तो प्रामुख्याने २० ते ४० वर्षे वयाच्या पुरुषांत आणि बहुधा कामाच्या हातात आढळतो. त्याचे एकच एक कारण सांगता येत नाही. काहींमध्ये हाताचे दुसरे हाड, अल्ना, रेडियसपेक्षा किंचित आखूड असते आणि ल्युनेटवर जादा दाब येतो. स्वीडनचे हुल्तेन यांनी १९२८ मध्ये या संबंधाकडे लक्ष वेधले. काहींच्या ल्युनेटला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याच मुळात कमी असतात. वारंवार पडणारा भार आणि जुनी दुखापत यांचाही वाटा मानला जातो.

फसवा क्ष-किरण

रक्त थांबल्यावर हाडातील पेशी लवकर मरतात. पण त्यांनी उभारलेला कॅल्शियमचा सांगाडा तसाच उभा राहतो. म्हणून सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात काहीच वावगे दिसत नाही. एमआरआय तपासणीत मात्र हा बदल लवकर कळतो. पुढे मृत हाड शेजारच्या हाडांपेक्षा अधिक पांढरे, जणू अधिक भक्कम दिसू लागते. प्रत्यक्षात ती धोक्याची खूण असते. शरीर जुनी जाळी विरघळवू लागते, नवी तितक्या वेगाने तयार होत नाही आणि रोजच्या भाराखाली हाड खचते. ते खचले की शेजारच्या हाडांची मांडणी बिघडते आणि अखेर सांध्याची झीज सुरू होते.

उपचार या टप्प्यांवरच ठरतात. ल्युनेट खचण्यापूर्वी निदान झाले तर मनगटाला विश्रांती देणे, रेडियस काही मिलिमीटर आखूड करून दाब कमी करणे किंवा रक्तवाहिनीसह हाडाचा तुकडा बसवणे, असे पर्याय असतात. सांधा झिजल्यानंतर मात्र एका रांगेतील हाडे काढणे किंवा हाडे एकमेकांस जोडणे एवढेच हाती उरते. त्याने वेदना कमी होते, पण मनगटाची हालचाल कायमची घटते.

म्हणूनच पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर पहिला क्ष-किरण निर्दोष आला तरी निर्धास्त राहू नये. अशा वेळी मनगट आधार देऊन स्थिर ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासणी करतात. स्कॅफॉइडचा अस्थिभंग आढळला तर अनेकदा ८ ते १२ आठवडे प्लास्टर ठेवावे लागते. काहींना स्क्रू बसवावा लागतो. पडल्याचे आठवत नसतानाही मनगट आठवडेच्या आठवडे दुखत असेल, मूठ आवळण्याची ताकद कमी होत असेल, तर तेही अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

ऐन हंगामात तीन महिने हात बांधून बसणे मजुरीवर जगणाऱ्याला परवडत नाही, हे खरेच. त्यामुळे दुखणे पावसाळ्यातील मासेमारीबंदीपर्यंत ढकलले जाते. मात्र रक्त तुटलेले हाड तोवर थांबत नाही. आज बुडणारी मजुरी तीन महिन्यांची असते. खचलेल्या मनगटाची किंमत जाळे ओढणारा हात आयुष्यभर मोजत राहतो.