आई-वडिलांची सही

भंडारवाड्याच्या टेकडीवर, जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात संध्याकाळी येऊन बसणाऱ्या वृद्ध मंडळींना पूर्वेकडे माझगाव गोदीतल्या याऱ्या आणि त्यांच्या पलीकडचे बंदर दिसते, आणि मागे वळून पाहिले तर ज्या चाळींत त्यांचे आयुष्य गेले त्या चाळी व त्यांच्या डोक्यावरून वर गेलेले नवे मनोरे दिसतात. गोदीत, बंदरात, गिरणीत किंवा एखाद्या पेढीवर तीस-चाळीस वर्षे चाकरी करून, पागडी भरून घेतलेल्या एका खोलीत ज्यांनी संसार केला, मुले शिकवली आणि गावाकडची भावंडेही सांभाळली, त्या पिढीच्या हाती आज मोलाचे असे दोनच कागद उरले आहेत: एक पेन्शनचे पासबुक आणि दुसरा त्या खोलीची भाडेपावती. हे दोन कागद ज्याने प्रेमाने, धाकाने वा लबाडीने काढून घेतले, त्याने त्या वृद्धाचे उरलेले आयुष्यच आपल्या ताब्यात घेतले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ही भाडेपावती एवढी मोलाची कशी झाली, हे समजून घेतले पाहिजे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तरी मागल्या दाराने पागडी चालूच राहिली, आणि 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने त्या व्यवहारास कायदेशीर मान्यता दिली. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची योजनाही आली, आणि जुन्या भाडेकरूला कमीत कमी 27.88 चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे 300 चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळू लागले. बांधकाम होईपर्यंत बाहेर राहण्याचे भाडेही विकासक देऊ लागला. ज्या खोलीत पावसाळ्यात बादल्या मांडाव्या लागत, तिचा हक्क अशा रीतीने कुटुंबातील सर्वांत मौल्यवान चीज ठरला, आणि हा हक्क बहुधा घरातील सर्वांत वृद्ध, सर्वांत परावलंबी व्यक्तीच्या नावावर असतो. भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. तेथे विधवा आईकडून एका मुलाच्या नावे ना-हरकतीचा कागद लिहून घेणे फारसे अवघड नसते. ‘आई, पावती माझ्या नावावर करून टाकू, म्हणजे पुढे कटकट नको,’ एवढे एक वाक्य त्याला पुरते.

फसवणुकीचे सर्वच प्रकार खोलीशी निगडित नसतात. एटीएमचे कार्ड व त्याचा गुप्त क्रमांक मुलाकडे, सुनेकडे वा भाच्याकडे असतो, पेन्शन जमा झाल्याच्या दिवशीच उचलली जाते, आणि ज्याची ती पेन्शन, त्याला चष्म्याच्या काचेसाठी हात पसरावा लागतो. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली जाते; दागिने ‘लॉकरमध्ये ठेवतो’ म्हणून नेले जातात ते परत येत नाहीत; कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर सही घेतली जाते; इस्पितळात नेण्याच्या निमित्ताने वृद्धाला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत उभे करून बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र नोंदवून घेतले जाते. महाराष्ट्रात 2015 पासून राहते घर पती, पत्नी, मुले वा नातवंडे यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये लागते. कुटुंबांच्या सोयीसाठी दिलेली ही सवलत योग्यच आहे. परंतु आयुष्यभराची कमाई एका सकाळी इतक्या अल्प खर्चात हातची जाऊ शकते, हेही तितकेच खरे.

हे ओळखावे कसे? वृद्धाला स्वतःच्या खात्यात किती रक्कम आहे हे सांगता येत नाही, आणि पासबुक कित्येक महिने भरून घेतलेले नसते. पेन्शन पुरेशी असूनही औषधे अर्धीच आणली जातात, विजेचे बिल थकते, जेवणाची आबाळ होते. आजवर कधी न फिरकलेला एखादा नातेवाईक वा नवा सांभाळकर्ता एकाएकी सर्व व्यवहार पाहू लागतो. नामनिर्देशन बदलते, मृत्युपत्र बदलते. फोन काढून घेतला जातो. आलेल्या पाहुण्याला वृद्धाशी एकांतात बोलू दिले जात नाही, आणि प्रश्न वृद्धाला विचारला तरी उत्तर दुसराच कोणी देतो. यांपैकी एखादे लक्षण दिसले म्हणजे अपराध घडला असे समजू नये. परंतु तीन-चार एकत्र दिसली, तर शेजाऱ्याने, बँकेतील कारकुनाने, कुटुंबाच्या डॉक्टरने स्वस्थ बसू नये.

स्वस्थ बसण्याचे पाप मात्र आपल्याकडे सभ्यतेच्या नावाखाली घडते. ‘त्यांच्या घरातली गोष्ट आहे’ असे शेजारी म्हणतो, आणि ‘पोटच्या पोराला पोलिसांच्या दारात उभे करू का?’ असे आई म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढील दर सहा माणसांपैकी एकाला एका वर्षात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा छळ सोसावा लागतो, आणि त्यातील फारच थोडा उजेडात येतो. लाज, ममता आणि उद्या आपल्याला कोण पाहील ही भीती, या तिहींनी मिळून वृद्धाचे तोंड बंद केलेले असते. म्हणून त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी इतरांवर येते.

कायदा या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ पुढे गेलेला आहे. माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठी 2007 साली संसदेने केलेला अधिनियम महाराष्ट्रात 1 मार्च 2009 पासून अमलात आहे. त्यान्वये साठ वा अधिक वर्षांच्या ज्येष्ठाला मुलांकडून, आणि अपत्य नसल्यास ज्याला त्याची मालमत्ता मिळावयाची त्या नातेवाइकाकडून, दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. या कायद्याखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज स्वतः, वकिलावाचून करता येतो. तो 90 दिवसांत निकालात निघावा आणि अपवादात्मक कारणास्तव फार तर आणखी 30 दिवस लागावेत, अशी तरतूद आहे. अर्जदार अंथरुणाला खिळलेला असेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण आपण होऊनही दखल घेऊ शकते. ज्येष्ठाला सोडून देण्याच्या हेतूने वाऱ्यावर टाकणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

या अधिनियमाचे कलम 23 प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे. ‘माझा सांभाळ करावा’ या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतर कपटाने किंवा दबावाने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते. मालमत्तेच्या व्याख्येत हक्क आणि हितसंबंध यांचाही समावेश असल्यामुळे, खोली मालकीची नसून पागडीची आहे म्हणून आपल्याला दाद नाही, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. परंतु अटीचा मुद्दा कळीचा आहे. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अशी अट होती हे दाखवता आले पाहिजे. केवळ मुलगा सांभाळत नाही एवढ्याने बक्षीसपत्र रद्द होत नाही. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा, आणि न्यायाधिकरण कबजा परत देण्याचाही हुकूम करू शकते, असे स्पष्ट केले.

मुंबईतलेच एक प्रकरण येथे सांगण्याजोगे आहे. ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थाच्या दोन खोल्या थोरल्या मुलाने अडवून ठेवल्या होत्या. न्यायाधिकरणाने खोल्या रिकाम्या करण्याचा आणि दरमहा 3,000 रुपये देण्याचा हुकूम केला. उच्च न्यायालयात मुलगा स्वतःच साठीचा झालेला असल्याने तोही ज्येष्ठ नागरिक, या कारणाने बेदखलीचा हुकूम रद्द झाला. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वय अर्जाच्या तारखेस मोजावयाचे, आणि त्या तारखेस मुलगा साठीच्या आत होता, असे सांगून वडिलांचा हक्क पुन्हा प्रस्थापित केला.

दाद कोठे मागावी? माझगाव, लालबाग, परळ, दादर, गिरगाव हा सारा मुलूख मुंबई शहर जिल्ह्यात मोडतो, आणि जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी फोर्टमधील जुन्या जकातघरात आहे. न्यायाधिकरणाकडील अर्जाची चौकशी तेथे करावी. सल्ला व आधार यांसाठी 14567 ही ज्येष्ठांची राष्ट्रीय दूरध्वनीसेवा सकाळी 8 ते रात्री 8 चालते. तातडीच्या प्रसंगी 112. विनामूल्य कायदेविषयक साहाय्यासाठी 15100. खोटी सही, विश्वासघात, खंडणी हे भारतीय न्यायसंहितेखालील गुन्हे आहेत, आणि आरोपी पोटचा मुलगा आहे म्हणून ते सौम्य होत नाहीत. खात्यातून ऑनलाइन पैसा गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता 1930 वर कळवावे आणि त्याच वेळी बँकेलाही. तक्रारीपूर्वी पासबुकाच्या नोंदी, दस्तांच्या प्रती, औषधांच्या चिठ्ठ्या आणि घडलेल्या गोष्टी तारीखवार लिहून ठेवाव्यात. अश्रूंपेक्षा तारखा अधिक बोलतात.

तथापि तक्रारीची वेळच न यावी, हे श्रेयस्कर. बक्षीसपत्र नोंदवले की मालकी तत्काळ जाते. मृत्युपत्र मात्र हयातीत केव्हाही बदलता येते. म्हणून द्यावयाचेच असेल तर मृत्युपत्राने द्यावे, आणि बक्षीसपत्रच करावयाचे असेल तर ‘तहहयात या घरात राहण्याचा हक्क आणि सांभाळाची जबाबदारी’ ही अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. कुलमुखत्यारपत्र ठरावीक कामापुरतेच द्यावे. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराला साक्षीदारांसमक्ष अंगठा उठवून पैसे काढता येतात, आणि सत्तरीपुढील ज्येष्ठांना घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितले आहे. तेव्हा गुप्त क्रमांक दुसऱ्याला देण्यावाचून गत्यंतर नाही, ही समजूत टाकून द्यावी.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. आई-वडिलांनी समजून-उमजून, आनंदाने मुलांना दिले, तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि ओढगस्तीत राहूनही वृद्धांची सेवा करणाऱ्या मुला-सुनांची संख्या या चाळींत थोडी नाही. घरातून काढण्यासाठी हा कायदा सुनेविरुद्ध शस्त्र म्हणून वापरता येणार नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली बजावले आहे. कायद्याला कुटुंब मोडावयाचे नाही. ज्याच्या कष्टावर ते उभे राहिले, त्याला त्याच घरात सन्मानाने राहू द्यावे, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

वाचकहो, नोव्हेंबर हा पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. त्या निमित्ताने आपल्या आजी-आजोबांना, एकट्या मावशीला, शेजारच्या काकांना आपण होऊन बँकेत घेऊन जा, त्यांच्यासमोर पासबुक भरून घ्या, आणि घरी परतताना त्यांच्याशी एकांतात बोला. कोणत्या कागदावर कोणी सही घेतली, हे प्रेमाने विचारा; उत्तर ऐकून मन शंकित झाले, तर 14567 या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा.